ताराबाई मोडक : अंगणात भरलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आज महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक आहे. गावोगावी, वाडीवस्तीवर हिरव्या-पिवळ्या रंगाच्या खोल्यांवर तो लिहिलेला दिसतो. परंतु हा शब्द कोणत्या शासकीय कचेरीत जन्मलेला नाही. तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी, उपेक्षित वस्तीतील सारवलेल्या अंगणात जन्मला, आणि त्यामागे एका विदुषीची अर्धशतकाची तपश्चर्या उभी आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक हे त्या विदुषीचे नाव. मुलाला पाठ करावयास लावणे म्हणजे शिकविणे नव्हे, त्याला उमजले पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम प्रत्यक्ष वर्गात उतरविला, त्यांच्या पहिल्या पंक्तीत ताराबाईंचे स्थान आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाच्या चळवळीतील कार्यकर्ते. ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणेही अनेक घरांत अमंगळ मानले जाई, त्या काळात केळकरांच्या घरी मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी मराठी घरांतील पदवीधर स्त्रिया किती विरळा होत्या, याची कल्पना आज येणे अवघड आहे. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. लहान मुलीला बरोबर घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा प्रसंग ताराबाईंवर आला. त्या काळी विभक्त स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे वेगळे सांगावयास नको. ताराबाईंनी त्याविषयी कधी कुरकुर केल्याचे दिसत नाही. त्यांनी काम शोधले.

काम मिळाले ते घरापासून दूर, काठेवाडात. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या अध्यापिका-विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे, वेतनही बरे. सुखासीन आयुष्य हवे असते, तर ते तेथेच मिळण्यासारखे होते. परंतु त्याच सुमारास जवळच भावनगरला एक निराळाच प्रयोग चालू असल्याचे त्यांच्या कानी आले.

नानाभाई भट्ट यांनी १९१० साली भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था स्थापिली होती. तेथे गिजुभाई बधेका नावाचे वकील १९१६ साली वकिली सोडून येऊन मिळाले. गिजुभाईंना स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता पडली, तेव्हा त्यांनी मादाम मारिया माँटेसरी यांचे विचार वाचले आणि ते त्यात पूर्ण बुडून गेले. माँटेसरी बाई या इटलीतील वैद्यकीय पदवीधर. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले होते. लहान मूल हे रिकामे मडके नाही, ते आपल्या हातांनी, डोळ्यांनी, कानांनी सतत शिकत असते. शिक्षकाने त्याच्यापुढे योग्य साधन ठेवावे आणि मग थोडे बाजूला उभे राहावे, असा त्यांचा सिद्धांत होता. गिजुभाईंनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई १९२३ साली राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला दाखल झाल्या. वेतन कमी, मान कमी, काम अहोरात्र; तरी त्यांना हवे होते ते तेथे होते.

या पद्धतीत नेमके काय होते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. नाही तर ‘खेळातून शिक्षण’ या दोन शब्दांवर सारे आटोपते आणि हाती काही लागत नाही. रूढ शाळेत मूल एक ते शंभर घडाघड म्हणून दाखवी. पण सदतीस म्हणजे काय, असे विचारले की ते गोंधळे. तीन आणि सात हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की त्यांतील तीनाची किंमत तीस का होते, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसे. माँटेसरी साधनांत सुटे मणी असतात; दहा मणी तारेत ओवले की दहाची काडी होते, दहा काड्या जोडल्या की शंभराचा चौकोन होतो, आणि असे दहा चौकोन एकावर एक ठेवले की हजाराचा ठोकळा उभा राहतो. मूल तीन काड्या आणि सात मणी उचलून आणते, तेव्हा सदतीस त्याच्या तळहातावर असतात. हजाराचा ठोकळा उचलताना हजार ही संख्या केवढी मोठी, हे त्याच्या मनगटालाच कळते. अक्षरांचेही तसेच. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे मूल बोटाने गिरविते, तोंडाने त्यांचा उच्चार करते; लेखणी हाती येण्यापूर्वीच अक्षराचे वळण त्याच्या बोटांत बसलेले असते. चूक झाली तर मास्तरांनी छडी उगारण्याची गरज नसते. खाचेत बसणारा दांडगोळा चुकीच्या खाचेत नीट बसत नाही. तो स्वतःच मुलाला सांगतो की पुन्हा पाहा.

भावनगरच्या मंडळींनी हे सारे जसेच्या तसे उचलले नाही, हे त्यांचे मोठेपण. गिजुभाईंनी त्यात गोष्टींचे, लोकगीतांचे आणि नाट्याचे भांडार ओतले. गुजरातेत मुले त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. एक तरुण शिक्षक चौथीच्या वर्गात वर्षभर पाठांतर व छडी बाजूला ठेवून गोष्टी, खेळ, सहली यांतून शिकवितो आणि मुलांना खरोखर विषय कळल्याचे दाखवून देतो, अशी कहाणी सांगणारे त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक आजही अध्यापक-विद्यालयांतून वाचले जाते. ताराबाई या प्रयोगात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी होत्या. बालमंदिर, अध्यापकांचे प्रशिक्षण, लेखन, संपादन या साऱ्यांत त्यांचा वाटा होता. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली. पुढे तिच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी वाहिली. मुलाच्या हट्टापासून शाळेच्या शिस्तीपर्यंत कितीतरी विषयांवर त्यांनी पालकांसाठी लिहिले. त्यांची भाषा साधी, पण धारदार असे. मूल वाईट वागते तेव्हा प्रथम मोठ्यांनी आपल्या वागण्याकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह त्या काळच्या अनेक पालकांना रुचला नसणार.

ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. मराठी माध्यमातून शास्त्रशुद्ध बालशिक्षण देणारी आणि बालशिक्षिका तयार करणारी ही संस्था पाहता पाहता नावारूपास आली. मध्यमवर्गीय सुशिक्षित कुटुंबांनी आपली मुले तेथे मोठ्या हौसेने पाठविली. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी माँटेसरी बाई स्वतः भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचे वर्ग चालत. देशात माँटेसरी हे नाव सुप्रतिष्ठित झाले. एवढ्यावर थांबल्या असत्या, तरी ताराबाईंचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिलेच असते.

परंतु दादरच्या यशातच त्यांना एक शल्य टोचत होते. माँटेसरी बाईंनी आपले पहिले बालगृह उघडले ते रोमच्या गरीब वस्तीत. भारतात मात्र ती पद्धत चकचकीत लाकडी साधनांसह पैसेवाल्यांच्या मुलांपुरती उरू लागली होती. साधनांचा एक संच घ्यावयाचा तर खेड्यातील शाळेचे वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडावे, अशी स्थिती. मग खेड्यातील, झोपडीतील मुलाला उमजून शिकण्याचा हक्क नाही काय? १९४५ च्या सुमारास गांधीजींच्या नई तालीमचा विचारही सात वर्षांखालील मुलांपर्यंत, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षणापर्यंत, येऊन पोहोचला होता. ताराबाईंनी निर्णय घेतला. वयाची पन्नाशी उलटलेली असताना, मुंबईत मान्यता पावलेली व्यक्ती असताना, त्यांनी खेड्याची वाट धरली.

येथे नाशिक जिल्ह्याशी जोडलेले दोन धागे या कथेत येतात. पहिला धागा गोखले एज्युकेशन सोसायटीचा. नाशिकच्या एच. पी. टी. महाविद्यालयामुळे हे नाव जिल्ह्यातील घराघरांत परिचित आहे. याच सोसायटीची शाळा बोर्डीला होती आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखी निष्ठावंत माणसे तेथे आधीपासून काम करीत होती. दुसरा धागा अनुताई वाघांचा. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांतच त्यांच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले. त्या खचल्या नाहीत. शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९२९ ते १९३३ या काळात नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शाळेत त्यांनी शिकविले. पुढे पुण्याच्या हुजूरपागेत अकरा वर्षे नोकरी करीत असताना रात्रशाळेत जाऊन त्यांनी स्वतःचे शिक्षण चालू ठेवले. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली. खेड्यात काम करावयाचे आहे, येतेस का, एवढाच प्रश्न. अनुताई निघाल्या आणि त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. गुरू त्रेपन्न वर्षांच्या, शिष्या पस्तीस वर्षांची.

तो काळही साधा नव्हता. १९४५ सालीच ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या बांधावर राबणाऱ्या माणसाला शाळा म्हणजे काय आणि ती कोणासाठी, असा प्रश्न पडला तर त्यात नवल नव्हते.

बोर्डीची बालवाडी सजून तयार झाली. मुले मात्र येईनात. आली ती गावातील बऱ्या घरची. हरिजन वस्तीतील, आदिवासी पाड्यावरील मूल फिरकेना. दुसरा कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. आजही असा शेरा ऐकू येतोच. ताराबाईंनी शोध घेतला. आईबाप पहाटे कामावर जात. घरात तान्हे मूल असे, ते थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती सहा-सात वर्षांची पोर शाळेत येणार कशी? थोडा मोठा भाऊ गुरांमागे रानात गेलेला. पोटाचा प्रश्न आणि शाळेची घंटा यांच्या वेळा जुळत नव्हत्या, एवढीच गोष्ट होती.

उत्तरही तितकेच सरळ निघाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाऊ लागल्या. कोणाचे तरी अंगण झाडावयाचे आणि तेथेच मुले गोळा करावयाची. पहिला पाठ अंघोळीचा. नखे कापणे, केस विंचरणे, डोळे-नाक स्वच्छ करणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ती अंगणवाडी. आया प्रथम दारातून पाहत, हळूहळू जवळ येऊन बसत. मुलाच्या खरजेवर काय लावावे हे विचारू लागत. मुलाबरोबर आईचेही शिक्षण त्याच अंगणात सुरू होई. बंद वर्गात हे घडले नसते.

कडेवरच्या तान्ह्याचा प्रश्न उरला. त्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणण्याची योजना झाली. बहिणीने धाकट्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे. या एकत्र व्यवस्थेला विकासवाडी असे नाव मिळाले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरावयास सोडून मुले झाडाखाली जमत. शिक्षक तेथे जात. गुरे मोजता मोजता गणित होई, गवताच्या व झाडांच्या जाती ओळखता ओळखता निसर्गाचा अभ्यास होई. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. गुराखी मुलाला शेकडो वनस्पती, पक्ष्यांची घरटी, पावसाची चाहूल ठाऊक असते. शहरातून आलेला शिक्षकच तेथे अडाणी ठरतो. या ज्ञानाला शाळेत किंमत मिळाली, हे त्या मुलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

आणि साधने? ती रानातच पडली होती. शिंपले, खडे, बिया, काड्या, पाने, माती. माँटेसरी साधनामागील तत्त्व कायम, वस्तू मात्र कोसभराच्या परिसरातील. रंगांच्या छटा शिकावयास रंगवलेल्या पट्ट्यांची गरज नाही; पळसाचे, आंब्याचे कोवळे आणि जून पान शेजारी ठेवले की छटा दिसते. दहा बियांची पुडी, दहा पुड्यांची पिशवी, की दशक-शतक मुलाच्या ओंजळीत. गरिबीवर केलेली ही तडजोड होती, असे कोणाला वाटेल. तसे पाहिले तर उलटेच आहे. जी वस्तू मूल रोज हाताळते तिच्याच आधारे आलेली संख्या त्याला परकी वाटत नाही. शाळा सुटल्यावर घरीही त्याच बियांशी त्याचा अभ्यास चालू राहतो. परदेशी काचेच्या मण्यांना हे साधत नाही. आज मोठमोठ्या खासगी शाळा ‘नैसर्गिक साहित्य’ म्हणून तेच खडे-शिंपले सुबक टोपल्यांत घालून पालकांना कौतुकाने दाखवितात, तेव्हा बोर्डीची आठवण ठेवणारे थोडेच असतात.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता भोवती सर्वत्र वारल्यांचे पाडे. येथे भाषेचा प्रश्न अधिक तीव्र होता. पुस्तकातील मराठी आणि घरातील वारली बोली यांत इतके अंतर की पहिल्या दिवशी मुलाला गुरुजींचे बोलणेच कळू नये. न कळणाऱ्या भाषेत मुलाने काय समजून घ्यावे? मुलाच्या बोलीला तुच्छ न मानता, तिच्यातूनच प्रमाण भाषेकडे त्याचा हात धरून न्यावयाचे, हे तेथील कामाचे सूत्र झाले. ज्या मुलांना शाळा सोडून गेलेली मुले म्हणून सरकारी नोंदवहीत लाल शाईने लिहिले जाई, त्यांच्यातूनच पुढे शिकलेली पिढी उभी राहू लागली.

ओझर-निफाडच्या परिसरातील वाचकाला ही हकीकत दूरची वाटू नये. द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे बिऱ्हाड घेऊन या भागात येतात. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाचे पाल पडते, आईबाप वेलींखाली कामाला लागतात आणि पालापुढे सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. तिचे नाव गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर असते. बोर्डीत ताराबाईंनी जी मुलगी पाहिली, ती हीच.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. वय सत्तर झाले होते, शरीर थकले होते. तरी शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि लेखन यांतून त्यांचे लक्ष निघाले नव्हते. त्या स्वभावाने कठोर शिस्तीच्या होत्या असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत. बालवाडीत गेल्यावर मात्र ती कठोरता कोठे जाई कोण जाणे. अनुताईंसारखी तेजस्वी स्त्री अठ्ठावीस वर्षे त्यांच्या सावलीत राहिली आणि तरीही स्वतःच्या पायावर पूर्ण वाढली, यातच ताराबाईंच्या शिकविण्याची खरी परीक्षा झाली असे म्हणावे लागेल. मोठ्या वृक्षाखाली दुसरा वृक्ष सहसा वाढत नाही, येथे वाढला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशातील तेहतीस प्रकल्पांपासून तिचा आरंभ झाला आणि पुढे ती लाखो गावांत पोहोचली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्या योजनेत पोषण आहार आणि लसीकरण यांनी मोठी जागा घेतली, आणि ते आवश्यकही होते. परंतु उमजून शिकण्याची जी दृष्टी बोर्डीच्या अंगणात होती, ती पुष्कळ ठिकाणी खिचडीच्या पातेल्यामागे झाकली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून अंगणवाडी व पहिली-दुसरी यांना एका साखळीत जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांचा सांधा जुळविणारी विकासवाडी कोसबाडकरांनी त्यापूर्वी कितीतरी वर्षे चालविली होती.

ताराबाईंच्या पश्चात कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. टेकडीवरील त्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचेही निधन झाले. बोर्डीला येतेस का, या प्रश्नाला त्यांनी दिलेला होकार सत्तेचाळीस वर्षे टिकला होता.